लॅबमध्ये ब्राउझरमधलं पायथन: सर्व्हरच्या पीसीवर ‘थांबवा’ चालतं, बाकीच्या पीसींवर नाही

लॅब_असिस्टंट

नमस्कार मंडळी. ज्युनिअर कॉलेजची लॅब आहे. २५ पीसी, विंडोज १०, ४ जीबी रॅम, क्रोम. लॅबमध्ये इंटरनेट नाही आणि पीसींवर काही इन्स्टॉल करायची परवानगीही नाही. म्हणून एका पीसीवर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर लावून त्यात पायोडाइडचं (ब्राउझरमध्ये चालणारं पायथन) फोल्डर ठेवलंय. पानावर कोड लिहायची चौकट, ‘चालवा’ आणि ‘थांबवा’ अशी दोन बटणं. पायथन वर्करमध्ये, म्हणजे पानापासून वेगळ्या थ्रेडवर चालतं. थांबवण्यासाठी आणि इनपुटसाठी शेअर्ड-ॲरे-बफर (पान आणि वर्कर दोघांनाही वाचता-लिहिता येणारी मेमरी) वापरलाय.

सर्व्हरच्याच पीसीवर लोकलहोस्टने उघडलं की सगळं व्यवस्थित. दुसऱ्या पीसीवरून एचटीटीपी://१९२.१६८.१.१०:८०८० उघडलं की कन्सोलमध्ये ‘शेअर्ड-ॲरे-बफर डिफाइन्ड नाही’ असा एरर येतो. सीओओपी आणि सीओईपी (पानाला इतर साइटपासून वेगळं ठेवायला सांगणारे) हे दोन्ही हेडर नेटवर्क टॅबमध्ये दिसतात, म्हणजे एन्जिनएक्स ते पाठवतोय.

आणखी तीन गोष्टी:
१) नमपाय (गणितासाठीची पायथन लायब्ररी) इम्पोर्ट केलं की ४०४ येतो.
२) प्रिंटमध्ये मराठी मजकूर दिला की कचरा छापला जातो, इंग्रजी बरोबर येतं.
३) बारावीला सी++ आहे. तेही असंच ब्राउझरमध्ये, सर्व्हरवर कंपाइल न करता चालवता येईल का?

---

खटपट्या

हेडर बरोबर आहेत, पत्ता चुकीचा आहे. शेअर्ड-ॲरे-बफर मिळायला पान ‘क्रॉस-ओरिजिन आयसोलेटेड’ असावं लागतं, आणि त्याची पहिली अट म्हणजे सुरक्षित संदर्भ: एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्ट. साध्या एचटीटीपीवरचा १९२.१६८ चा पत्ता घरच्या नेटवर्कवरचा असला तरी क्रोमच्या लेखी असुरक्षितच. तिथे तो सीओओपी हेडर वाचतो आणि सोडून देतो. कन्सोल वरपर्यंत नेऊन बघा, ओरिजिन विश्वासार्ह नसल्यामुळे हेडर दुर्लक्षित केल्याची सूचना असेल. लोक शेवटचा एरर बघतात आणि हीच ओळ निसटते.

हा बंदोबस्त स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीमुळे आला. जानेवारी २०१८ मध्ये ब्राउझरांनी शेअर्ड-ॲरे-बफर बंदच केला, आणि नंतर या हेडरांच्या अटीवर परत दिला: फायरफॉक्सने ७९ मध्ये, डेस्कटॉप क्रोमने ९२ पासून ही अट सक्तीची केली. त्यामुळे जुने ट्यूटोरियल बघून केलेलं काम आज चालत नाही.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

मला पटणारी वाट म्हणजे एमकेसर्ट, आपल्यापुरती प्रमाणपत्रं बनवणारं साधन. सर्व्हरवर ‘एमकेसर्ट १९२.१६८.१.१०’ अशी आज्ञा दिली की त्या आयपीचं प्रमाणपत्र आणि किल्ली तयार होते. ती एन्जिनएक्सला द्यायची आणि ४४३ वर ऐकायला लावायचं. मग ‘एमकेसर्ट -सीएरूट’ जे फोल्डर दाखवतं त्यातली रूटसीए.पेम ही फाइल प्रत्येक पीसीवर विंडोजच्या ‘ट्रस्टेड रूट’ साठ्यात टाकायची. त्याच फोल्डरात रूटसीए-की.पेम असते, ती चुकूनही कुठे कॉपी करू नका. ज्याच्या हाती ती पडली तो कुठल्याही साइटचं खोटं प्रमाणपत्र बनवू शकतो आणि लॅबचे पीसी ते खरं मानतील. सर्व्हरचा आयपी स्थिर ठेवा. राउटरने उद्या १९२.१६८.१.१४ दिला तर प्रमाणपत्र त्या पत्त्याला लागू होणार नाही.

दुसरी वाट: क्रोम-फ्लॅग्जमध्ये ‘इनसिक्युअर ओरिजिन्स ट्रीटेड ॲज सिक्युअर’ शोधा, चालू करा आणि चौकटीत पूर्ण पत्ता लिहा. एचटीटीपी आणि ८०८० सकट. पोर्ट विसरलात तर लागू होत नाही. क्रोम पुन्हा सुरू करावं लागतं. पीसी ॲडमिनच्या ताब्यात असतील तर हेच धोरण म्हणूनही सगळीकडे लावता येतं.

तिसरी: फोल्डर प्रत्येक पीसीवर कॉपी करून लोकलहोस्टनेच उघडणं. एन्जिनएक्सची विंडोजची झिप इन्स्टॉल न करता चालते. इंडेक्स फाइलवर डबलक्लिक करून मात्र चालणार नाही. फाइल:// वरून वर्करही उघडत नाही आणि वॅझम (वेबअसेम्ब्ली, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कंपाइल केलेला कोड) फाइलही आणता येत नाही.

काहीही केलंत तरी पडताळणी एकच. कन्सोलमध्ये ‘क्रॉसओरिजिनआयसोलेटेड’ हे चल लिहून एंटर मारा. ट्रू आलं पाहिजे. फॉल्स असेल तोवर पुढचं काही तपासू नका.

एन्जिनएक्समधला एक खड्डा सांगून ठेवतो, कारण कॅशिंग लावायला गेलात की पडणारच. ‘ॲड-हेडर’ वरच्या पातळीवरून खाली तेव्हाच उतरतं, जेव्हा खालच्या लोकेशन ब्लॉकमध्ये एकही ‘ॲड-हेडर’ नसतं. वॅझम किंवा जेएस फाइलींच्या ब्लॉकमध्ये तुम्ही कॅश-कंट्रोलची एक ओळ घातली की त्या ब्लॉकपुरते वरचे सीओओपी-सीओईपी दोन्ही गायब. वर्करच्या स्क्रिप्टवर सीओईपी नसेल तर आयसोलेटेड पान तो वर्कर उघडूच देत नाही, आणि एररमध्ये कारण धड सांगितलेलं नसतं. प्रत्येक ब्लॉकमध्ये दोन्ही ओळी पुन्हा लिहा.

---

पाटी_पेन्सिल

नमपायचा ४०४: तुम्ही पायोडाइडचा ‘कोअर’ गठ्ठा उतरवलाय. त्यात दुभाषी (पायथनचा इंटरप्रिटर), पायथन-एसटीडीलिब झिप आणि पायोडाइड-लॉक ही यादीची फाइल एवढंच असतं. यादीत नमपायचं नाव आहे, फाइल नाही. म्हणून लोडर मागतो आणि सर्व्हर नाही म्हणतो. पूर्ण गठ्ठा काही शे एमबीचा आहे. सगळा नको असेल तर त्याच आवृत्तीचा पूर्ण गठ्ठा एकदा उतरवून त्यातल्या हव्या त्या व्हील (पायथन पॅकेजच्या) फाइली शेजारी ठेवा. आवृत्ती मात्र तंतोतंत तीच हवी; नमपाय हे सी कोडपासून त्या विशिष्ट पायोडाइडसाठी बांधलेलं असतं. मॅटप्लॉटलिब हवं असेल तर त्याचं लटांबर मोठं आहे, लॉक फाइलमध्ये त्याच्या नोंदीखाली अवलंबनं लिहिलेली असतात, ती एकेक बघून आणा. मायक्रोपिप हे पॅकेज बसवणारं साधन मुळात पायपीआय या इंटरनेटवरच्या साठ्याकडे धावतं, त्यामुळे इंटरनेट नसताना त्याला तुमच्याच सर्व्हरवरच्या व्हीलचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो, तेही शुद्ध पायथनचं किंवा पायोडाइडसाठी बांधलेलं व्हील असेल तरच.

वेगाचं विचारलं नाहीत, पण तास सुरू होताच २५ पीसी एकदम तुटून पडणार आहेत. वॅझम फाइल ‘ॲप्लिकेशन/वॅझम’ याच प्रकाराने गेली पाहिजे. जुन्या एन्जिनएक्सच्या माइम (फाइल-प्रकारांच्या) यादीत ही नोंद नसते आणि फाइल ‘ऑक्टेट-स्ट्रीम’ म्हणून जाते. मग ब्राउझर उतरवता उतरवता कंपाइल करण्याची पद्धत नाकारतो. काही लोडर तिथेच थांबतात, काही निमूटपणे पूर्ण फाइल मेमरीत घेऊन मग कंपाइल करतात. दुसऱ्या प्रकारात चालल्यासारखं दिसतं, पण क्रोम कंपाइल केलेला मशीन कोड साठवतो तो फक्त स्ट्रीमिंगने आलेल्या मॉड्यूलचा. म्हणजे दर वेळी पुन्हा पहिल्यापासून. जीझिपच्या (पाठवताना दाबायच्या फाइलींच्या) यादीतही हा प्रकार घाला. जीझिप चालू केलं तरी एन्जिनएक्स आपणहून फक्त एचटीएमएल दाबतो.

लॅबच्या पीसींवर रीस्टार्टला सगळं पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर असेल तर ब्राउझरचा कॅशही रोज पुसला जाईल. तिथे खटपट्यांची तिसरी वाट, म्हणजे फोल्डर प्रत्येक पीसीवर, हीच शहाणपणाची.

---

अर्धविराम

थोडा वेगळा सूर लावतो. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला शेअर्ड-ॲरे-बफरची गरज आहे का, हे आधी ठरवा. अनंत लूप थांबवायला वर्करवर ‘टर्मिनेट’ पुरतं, त्याला ना हेडर लागतो ना प्रमाणपत्र. तोटा इतकाच की पायथन पुन्हा उभं राहायला काही सेकंद जातात आणि आधीची व्हेरिएबल्स जातात. शिकणाऱ्या मुलांसाठी दर वेळी कोरं वातावरण हा फायदाच आहे. एक राखीव वर्कर आधीच तयार ठेवला तर तो वेळही वाचतो, पण ४ जीबीच्या पीसीवर पांडाजसकट दोन प्रती नकोत.

शिवाय वॅझमची मेमरी वाढते ती कमी होत नाही. मुलाने दहा लाखांची यादी बनवून पुसली तरी टॅबने घेतलेली जागा तेवढीच राहते. ती सोडवायला वर्कर मारणं हाच उपाय.

इनपुटचं खरं त्रांगडं आहे. पायथनचं इनपुट तिथेच अडून उत्तराची वाट बघतं, आणि वर्करला पानाकडून येणारा निरोप तर हातातलं काम सुटल्याशिवाय मिळत नाही. सोपा तोडगा: ‘चालवा’ दाबायच्या आधीच एका चौकटीत सगळं इनपुट ओळीओळीने भरून घ्या आणि सेट-एसटीडीइनला त्यातली एकेक ओळ द्या. ओळी संपल्या की नल परत करा, पायथनला ईओएफ-एरर मिळतो. स्पर्धांच्या जज साइट असंच करतात.

नव्या क्रोममध्ये, १३७ पासून, जेएसपीआय (वॅझमला जावास्क्रिप्टच्या प्रॉमिसची वाट बघू देणारी सोय) आपोआप चालू आहे. त्यामुळे वॅझम मधेच थांबवून प्रॉमिस पूर्ण झाल्यावर तिथूनच पुढे चालवता येतं. नवीन पायोडाइडमध्ये ‘रन-सिंक’ त्यावरच चालतं, म्हणजे इनपुट फंक्शन बदलून त्यात रन-सिंक वापरलं की शेअर्ड-ॲरे-बफरशिवाय संवादी इनपुट मिळतं. कोड ‘रनपायथनअसिंक’नेच चालवावा लागतो, साध्या ‘रनपायथन’ने नाही. लॅबमधलं क्रोम इंटरनेटअभावी कितव्या आवृत्तीवर अडकलंय ते आधी बघा.

---

खटपट्या

@अर्धविराम, आधीच इनपुट भरून घेणं जजला ठीक. ‘अंक ओळखा’चा खेळ लिहिणाऱ्या पोराला पुढचा अंक आधी कसा कळणार? ‘मोठा आहे’, ‘लहान आहे’ हे वाचूनच तो पुढचा टाकणार. लॅबमध्ये निम्मे प्रोग्राम असेच असतात. प्रमाणपत्राचं काम एकदाच करायचं आहे, तेवढं करावं.

शेअर्ड-ॲरे-बफर घेणारच असाल तर कुठे अडकतं ते लिहितो.

थांबवण्यासाठी एका बाइटचा बफर ‘सेटइंटरप्टबफर’ला द्यायचा. पानाने त्यात २ लिहिलं की पायथनमध्ये कीबोर्ड-इंटरप्ट उठतो. २ म्हणजे एसआयजीइंट. दर वेळी चालवण्याआधी तिथे ० लिहा. प्रोग्राम संपल्यावर कुणी ‘थांबवा’ दाबलं असेल तर शिळा २ तिथेच पडून राहतो आणि पुढचा प्रोग्राम पहिल्याच ओळीवर मरतो. नमपायच्या आतल्या लांब गणनेत हा इंटरप्ट लगेच पोचत नाही, कारण तिथे पायथनची सूचना-तपासणी होतच नाही.

आणि हा नमुना तुम्हाला हटकून भेटेल: व्हाइल ट्रू, आत ट्राय, त्यात इंट(इनपुट()), आणि खाली नुसतं एक्सेप्ट लिहून ‘चूक, पुन्हा टाका’. मोकळं एक्सेप्ट कीबोर्ड-इंटरप्टही गिळतं. ‘थांबवा’ दाबा, ‘चूक, पुन्हा टाका’ येतं. मुलांना ‘एक्सेप्ट व्हॅल्यूएरर’ लिहायला लावा, आणि बटणात सोय करा की दोन सेकंदांत प्रोग्राम थांबला नाही तर सरळ टर्मिनेट.

इनपुटला दुसरा बफर: पुढे ४ बाइटचा झेंडा, ४ बाइट लांबी, मग मजकूर. वर्कर ‘ॲटॉमिक्स.वेट’ने झेंड्यावर झोपतो, पान मजकूर भरून झेंडा बदलतं आणि ‘नोटिफाय’ करतं. वेट मुख्य थ्रेडवर चालत नाही, म्हणून पायथन वर्करमध्येच हवं. अमर्याद झोपू नका, नाहीतर इनपुटची वाट बघताना ‘थांबवा’ बहिरं होतं. २०० मिलीसेकंदांची मुदत द्या, उठल्यावर ‘पायोडाइड.चेकइंटरप्ट’ बोलवा, पुन्हा झोपा.

मजकूर वाचताना टेक्स्टडीकोडरला शेअर्ड बफरवरचा तुकडा थेट दिलात तर क्रोम टाइपएरर देतो. आधी ‘स्लाइस’ करा, म्हणजे साध्या बफरात प्रत निघते, मग डीकोड. लिहितानाही तसंच: ‘एन्कोड’ करून आलेले बाइट ‘सेट’ने ओता.

---

काना_मात्रा

मराठीचा कचरा. तुम्ही सेट-एसटीडीआउटला ‘रॉ’ हँडलर दिलाय आणि येणारा प्रत्येक आकडा थेट अक्षर समजून जोडताय, असं दिसतं. रॉ एकेक बाइट देतो. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर १ बाइटचं, म्हणून ते बरोबर दिसतं. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइटांचा. ‘मराठी’त म, र, काना, ठ, वेलांटी असे ५ कोडपॉइंट, म्हणजे १५ बाइट, आणि त्यातला प्रत्येक बाइट सुटं चिन्ह बनत असणार: वर रेघ असलेलं रोमन ‘à’ आणि मधे ¤, ® असली चिन्हं.

‘बॅच्ड’ हँडलर वापरलात तर पूर्ण ओळ तयार स्ट्रिंग म्हणून येते आणि मराठी बरोबर दिसतं. पण तो ओळ संपायची वाट बघतो, त्यामुळे इनपुट("तुमचं नाव: ") मधला प्रश्न पडद्यावर येण्याआधीच प्रोग्राम उत्तरासाठी अडलेला असतो. म्हणून ‘राइट’ हँडलर घ्या. त्याला बाइटांचा तुकडा मिळतो, टेक्स्टडीकोडरने तो ‘स्ट्रीम: ट्रू’ देऊन उलगडा, आणि किती बाइट घेतले तो आकडा परत करा. स्ट्रीम ट्रू नसेल तर एखादं अक्षर दोन तुकड्यांत विभागलं गेल्यावर तिथे प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो. डीकोडर एकच ठेवा, दर वेळी नवीन बनवू नका.

दाखवायला एक्सटर्म (ब्राउझरमधलं टर्मिनल) वापरत असाल तर मराठीसाठी सोडा. तो चौकटींच्या जाळीत अक्षरं बसवतो आणि जोडाक्षरं फुटतात. साधा ‘प्री’ टॅग उत्तम.

आउटपुट एकेक ओळ पोस्टमेसेज करू नका. व्हाइल ट्रूमध्ये प्रिंट असेल तर निरोपांची इतकी रांग लागते की ‘थांबवा’चा क्लिकही पानाला ऐकू येत नाही. पायथन वेगळ्या थ्रेडवर असूनही पान गोठतं. ५० मिलीसेकंदांचं साठवून एकदा पाठवा आणि एकूण आउटपुटला मर्यादा घाला.

मॅटप्लॉटलिबच्या आलेखावर मराठी नावं द्याल तर चौकोन येतील, कारण सोबतच्या देजाव्यू फाँटमध्ये देवनागरी नाही. नोटो सॅन्स देवनागरी आभासी फाइल सिस्टीममध्ये टाकून नोंदवता येतो, पण सर्रास वापरातल्या आवृत्त्यांत ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर पडते आणि जोडाक्षरं हलन्त दिसतात. शीर्षक एचटीएमएलमध्ये आलेखाच्या वर लिहिणं बरं.

---

लॅब_असिस्टंट

सगळ्यांचे आभार. एमकेसर्ट करून बघितलं, ट्रू आलं. ‘थांबवा’ चालतंय. कॅश-कंट्रोलच्या ब्लॉकमध्ये हेडर नव्हते तेही घातले. मराठी राइट हँडलरने नीट येतंय. आता सी++ राहिलं. पुस्तकातले प्रोग्राम आयओस्ट्रीम.एच आणि कोनिओ.एचवाले, म्हणजे जुन्या टर्बो सी++ साठीचे आहेत.

---

दशमान_द्विमान

दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, गल्लत नको. एमस्क्रिप्टेनने तुम्ही तुमच्या पीसीवर सी++ कंपाइल करून निकाल ब्राउझरमध्ये चालवता. तुम्हाला हवाय तो कंपाइलरच ब्राउझरमध्ये: क्लँग (कंपाइलर) आणि वॅझम-एलडी (लिंकर) हे दोघेही वॅझम म्हणून बांधलेले, सोबत सी++ च्या हेडर फाइली आणि लायब्ररींचं फोल्डर, म्हणजे सिसरूट. तयार प्रकल्प आहेत. उतरवणं काही दहा एमबींच्या घरात जातं. ब्राउझरात दुसरी प्रोसेस उघडता येत नाही, म्हणून एरवी क्लँगचा ड्रायव्हर जी दोन कामं आपसूक करतो ती तुम्हाला हाताने करावी लागतात: आधी ‘सीसी१’ने ऑब्जेक्ट फाइल, मग लिंकर, मग डब्ल्यूएएसआयची (वॅझमला इनपुट-आउटपुटसारख्या सोयी देणारं मानक) एफडी-राइट, एफडी-रीड ही फंक्शनं पुरवून मॉड्यूल चालवणं. इनपुटसाठी आता बनवलेला शेअर्ड बफर एफडी-रीडमध्ये जसाच्या तसा वापरा.

पुस्तकातला कोड मात्र यावर चालणार नाही. आयओस्ट्रीम.एच नाही, कोनिओ.एच नाही, ‘व्हॉइड मेन’ला क्लँग सी++ मध्ये थेट एरर देतो. वर टर्बोमध्ये इंट २ बाइटांचा, इथे ४. ३२७६७ मध्ये १ मिळवून उणे आकडा दाखवणारं उदाहरण इथे ३२७६८ दाखवेल.

परीक्षेला टर्बोच असेल तर जेएस-डॉस घ्या. जुन्या डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्सच वॅझममध्ये चालतो, त्यात टर्बोचं फोल्डर झिप करून द्यायचं. निळा पडदा, कंट्रोल+एफ९, ऑल्ट+एफ५ सगळं तेच. कंट्रोल+डब्ल्यू दाबलं तर मात्र टॅबच बंद होतो, आणि सेव्ह केलेलं टिकवायची सोय वेगळी करावी लागते. टर्बोच्या परवान्याचं आधी बघून घ्या, फिरणाऱ्या सगळ्या आवृत्त्या मोफत दिलेल्या नाहीत.

क्लँग घेतलात तर तीन ठिकाणी मुलं गोंधळतील. एक, स्टॅक. वॅझम-एलडी न सांगता ६४ केबी देतो. मेनच्या आत इंट ए[१००][२००] लिहिलं की ८०,००० बाइट झाले, आणि प्रोग्राम कोसळण्याऐवजी शेजारच्या ग्लोबल व्हेरिएबलवर मुकाट लिहीत सुटू शकतो. लिंकरला ‘-झेड स्टॅक-साइझ=१०४८५७६’ आणि ‘--स्टॅक-फर्स्ट’ द्या. दुसऱ्यामुळे स्टॅक मेमरीच्या तळाशी जातो आणि ओलांडला की ‘मेमरी ॲक्सेस आउट ऑफ बाउंड्स’ म्हणून लगेच थांबतो.

दोन, नल पॉइंटर. वॅझमच्या मेमरीत ० हा खरा पत्ता आहे. नलवर लिहिलं तरी काही होत नाही, प्रोग्राम पुढे चालतो. लिंक्ड लिस्ट शिकवताना हे फार घातक, चुकीचा कोड बरोबर उत्तर देऊन जातो. डीबग बांधणीत ‘-एफसॅनिटाइझ=नल’ आणि ‘-एफसॅनिटाइझ-ट्रॅप=नल’ लावा.

तीन, रिटर्न विसरलेलं इंट फंक्शन. टर्बोत काहीतरी आकडा यायचा, इथे ‘अनरीचेबल’ एवढाच एरर येतो. कंपाइलरची ‘रिटर्न-टाइप’ ताकीद मुलांना दिसेल अशी छापा, नाहीतर ती अनरीचेबलचा अर्थ विचारत बसतील.

---

लॅब_असिस्टंट

परीक्षा टर्बोवरच आहे. मग तिथे जेएस-डॉस, आणि लिंक्ड लिस्टच्या सरावाला क्लँग. दोन्हींना हेच सीओईपी चालेल ना?

---

दशमान_द्विमान

फाइली सगळ्या तुमच्याच सर्व्हरवरून येत असतील तर चालेल. जेएस-डॉसची स्क्रिप्ट किंवा स्टाइलशीट सीडीएनच्या (इंटरनेटवरच्या दुसऱ्या सर्व्हरच्या) पत्त्याने जोडलेली राहिली असेल तर काढा. इंटरनेट नसल्याने ती तशीही येणार नाही, आणि उद्या इंटरनेट आलं तरी दुसऱ्या ओरिजिनची फाइल कॉर्प किंवा कॉर्स या हेडरांच्या परवानगीशिवाय सीओईपी अडवेल.